नावापुढची ओळ

दीपाली बर्गेचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. ही बाई कॉलेजात फिजिक्स शिकवते. आणि फोनवर मला कुजबुजत म्हणते, "जयमालाताई, आमच्या मावशी बदलून द्याल का? आजच. सासूबाई त्यांना बाळाला हात लावू देईनात."

"का? पद्मिनीनं काय केलं?"

"केलं काहीच नाही हो. हात किती हलका आहे त्यांचा! बाळ तर त्यांच्या मांडीवर निवांत पडून राहतं. पण आज हजेरी लावताना यादी उघडली, आणि त्यांच्या नावापुढं ते आलंय ना..."

"काय आलंय?"

"तुम्हीच बघा. मला बोलवत नाही."

बोलवत नाही म्हणे! बाई बदलून द्या म्हणायला मात्र जीभ चुरूचुरू चालत होती. मी फोन ठेवला, चहा तसाच झाकला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. फॉर्म उघडला, ‘सेविका निवडा’ या चौकोनावर बोट ठेवलं. यादी खाली उलगडली आणि त्यात पद्मिनीच्या नावापुढं, राखाडी बारीक अक्षरात, लिहिलेलं होतं:

पद्मिनी शेवाळे — मूल दगावले, चार महिन्यांचे

मी यादी मिटली, परत उघडली. ओळ तिथंच.

कराडला माझं ‘ओटी सेवा केंद्र’ आहे. बाळ-बाळंतिणीसाठी बायका पाठवायच्या, हा आमचा धंदा. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं, बाळंतिणीचं अंग चोळायचं, शेकशेगडी करायची, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. आता तुम्ही म्हणाल, या काळात असलं कोण करतं? तर सगळेच करतात. रोबो फरशी पुसतो, रोबो कपडे घडी करतो. पण पंधरा दिवसांचं ओलं बाळ पायांवर पालथं घालून त्याच्या पाठीवर पाणी ओतायला अजून बाईचाच हात लागतो. आज्या सगळ्या नोकरी करून रिटायर झालेल्या, त्यांना ते जमत नाही. म्हणून माझ्या पदरी साठेक बायका आहेत. मला अक्का म्हणतात. आणि त्या सगळ्यांत पद्मिनीचा हात पहिला.

ही यादीची भानगड सुरू झाली ती तीन मंगलमुळं.

माझ्याकडं तीन मंगल जाधव. एक अंघोळ घालणारी, एक लाडू-खिरी करणारी, एक बाळंतिणीला शेकणारी. पूर्वी फॉर्ममध्ये यादी उघडली की नुसती नावं दिसायची, मंगल जाधव, मंगल जाधव, मंगल जाधव. गिऱ्हाईक डोळे झाकून एकीवर बोट ठेवायचं. मग व्हायचं काय, लाडूवाली मंगल अंघोळ घालायला दारात उभी, आणि तिकडं अंघोळवालीपुढं किलोभर डिंक. शिव्या मी खायच्या.

तेव्हा फॉर्मची प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीकडनं ऋतुजा भोईटे आली. हसतमुख पोरगी, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही.

"मॅडम, तुम्ही फॉर्ममध्ये नाव निवडता ना, तेव्हा आत नाव साठतच नाही. साठतो फक्त एक नंबर. मंगल हे नाव राहतं दुसऱ्या तक्त्यात, त्या नंबरापुढं. यादी उघडली की प्रणाली पळत जाते, त्या तक्त्यातनं नाव आणते आणि तुम्हाला दाखवते."

"मग जरा लांब पळायला सांग. नावाबरोबर कामही आणू दे. मंगल अंघोळवाली, मंगल लाडूवाली."

"तेच तर! आता जोडनोंद कायदा झालाय. जन्ममृत्यू, दवाखाना, शाळा, रेशन, कोर्ट, सगळे तक्ते एकमेकांना जोडलेत. नंबरापुढं आख्खा माणूस उभा राहतो."

"आणि तो चार बोटांच्या यादीत मावणार कसा?"

तिनं टाळीच वाजवली. "बरोब्बर अडचण ओळखलीत! मावत नाही. म्हणून मशीन एकच गोष्ट निवडतं. कुठली? जी त्या यादीतल्या बाकी कुणाकडं नाही ती. प्रशिक्षणाचा दाखला सगळ्यांकडं आहे, मग तो दाखवून ओळख पटेल का? नाही. गोष्ट जितकी दुर्मिळ, तितकी ओळख पक्की. साधं गणित आहे, मॅडम. काय दाखवायचं हे कुणी माणूस ठरवत नाही, त्यामुळं पक्षपात नाही."

हे गणित आमच्या गावाला कधीपासून येत होतं. गावात तीन शंकर असले की एक तोतरा शंकर, एक बुटका शंकर, आणि तिसरा ‘बायको पळालेला’ शंकर. तिसऱ्यानं आयुष्यभर कुणाच्या अडीनडीला नाही म्हटलं नाही, पण त्याला ‘भला शंकर’ म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. चांगुलपणा थोडाफार सगळ्यांकडं असतो, त्यानं माणूस वेगळा निघत नाही. वेगळा निघतो तो ज्या जागी ठेच लागली तिथं. मेलं गाव नीच होतं, तोंडावर हाक मारायचं. मशीन तेच करतं आणि वर त्याला ओळख म्हणतं.

नवी यादी सुरू झाली त्या आठवड्यात गिऱ्हाइकांची चंगळच झाली. मंगल जाधव — दहावी तीनदा. मंगल जाधव — नवरा फरार. शमशाद मुलाणी — सवत आहे. पूर्वी दोन मिनिटांत बाई निवडणारी माणसं आता अर्धा-अर्धा तास यादी उघडून बसायला लागली. एकीनं तर मला फोन करून विचारलं, "अहो, त्या नवरा फरारवाल्या मंगलचं नेमकं काय झालं हो?" तुला गं काय करायचंय बये, बाळाला अंघोळ घालायची आहे की नवरा हुडकून द्यायचाय? पण लोकांना चघळायला मिळालं की पोट भरत नाही. चांगली शिकलीसवरलेली माणसं, आणि उकिरड्यावर कोंबड्या तशी त्या राखाडी अक्षरांत चोची मारत होती.

तरी बायकांनी ते सोसलं. नवरा फरार असलेल्या बाईच्या हातची खीर लोक खातात. पण मूल दगावलेल्या बाईच्या हातात आपलं तान्हं देत नाहीत.

मी रिक्षा करून विद्यानगरला बर्ग्यांकडं गेले. चौथ्या मजल्यावर दाराबाहेर, चपलांच्या मांडणीशेजारी, पद्मिनी पायरीवर बसलेली. मांडीवर पिशवी. मला बघून उठली.

"अक्का, बाळाच्या कानामागं तेल राहिलंय. पुसायला सांगा. नायतर पुळ्या येतील."

एवढंच बोलली. मी आत गेले.

घरात फिनेलचा भपकारा. पद्मिनी ज्या पाटावर बसायची तो बाल्कनीत उभा करून धुतलेला. तेलाची वाटी मोरीत पालथी. स्वयंपाकघरात मिरच्या-मोहऱ्यांचा धूर. बाळाची दृष्ट काढली होती. दीपाली खोलीच्या दारात नजर चुकवत उभी, आणि सासूबाई सोफ्यावर. ही बाई बँकेत मॅनेजर होती, आता पेन्शन घेते, मोबाइलवर शेअर बघते.

"बसा ना, जयमालाताई. चहा घेणार?"

"चहा नको. पद्मिनीनं बाळाला काही इजा केली का?"

"छे छे! उलट फार प्रेमळ बाई."

"मग बाहेर का बसवलंय तिला, चपलांपाशी?"

"हे बघा, आम्ही नाही मानत हो असलं काही," सासूबाई म्हणाल्या. "पण उगाच विषाची परीक्षा कशाला? तिचा स्वतःचा टिकला नाही. आणि मूल गेलं म्हणजे काहीतरी हयगय झालीच असणार ना. त्याशिवाय सरकारी नोंदीत येतं का?"

"मेल्याची नोंद सरकारात होतेच. गुन्हा असेल तरच होते असं नाही."

"तुम्ही चिडू नका. दुसरी बाई द्या. ती दहावी तीनदावाली चालेल आम्हाला."

चालेल आम्हाला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दीपालीकडं बघितलं. "तू गं? फिजिक्स शिकवतेस ना?"

"मला पटत नाही, ताई," ती पुटपुटली. "पण घरात वाद नको. बाळंतपण आहे."

पटत नाही आणि वाद नको. असल्या माणसांची मला सगळ्यात जास्त किळस येते. सासूबाईंना निदान त्यांची अंधश्रद्धा तरी होती; हिला तीही नव्हती.

निघताना मी सांगितलं, "कानामागं तेल राहिलंय, पुसून घ्या," आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर पद्मिनीला काम मिळेना. मी गिऱ्हाइकांना नाव सुचवायची, ती यादी उघडायची. मग, "दुसरा पर्याय आहे का हो?" कुणी कारण सांगायचं नाही. सगळी माणसं सभ्य.

मी ऋतुजाला फोन केला. "ती ओळ काढ."

"मॅडम, सेवा परवान्याची अट आहे. ग्राहकाला माहितीचा हक्क आहे. तुम्ही ओळ लपवलीत तर केंद्र बंद होईल."

"दुसरं काहीतरी दाखव मग. वीस वर्षं बाळं न्हाऊ घालतेय ती, ते दाखव."

"वीस वर्षंवाल्या तुमच्या यादीत बऱ्याच आहेत. मशीन ते उचलणार नाही. आणि मॅडम, त्यात वाईट काही लिहिलेलंच नाही. वस्तुस्थिती आहे फक्त."

उचलली जीभ लावली टाळ्याला! नोंद-दुरुस्तीच्या कचेरीत फोन केला तर तिथला साहेब म्हणाला, "नोंद खोटी आहे का? नाही ना? मग दुरुस्त काय करायचं, बाई?"

खोटी नव्हतीच. पद्मिनीचा विराज चार महिन्यांचा असताना छातीत कफ होऊन गेला. वीस-एकवीस वर्षं झाली. त्या वेळी ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला होती. फडातनं मुलाला उचललं, ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवर बसून मोठा दवाखाना गाठला. दोन दिवस काचेच्या पेटीत होता. तिथंच गेला. मग ती परत फडात गेली नाही. बाळांना न्हाऊ घालायला लागली. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, बाकी कधी विषय नाही.

एका दुपारी ती केंद्रात आली ती एका माणसाला घेऊन. विक्रांत ढाणे. अत्तराचा घमघमाट, पांढरी चप्पल, कार्डावर लिहिलेलं: ‘ओळ सल्लागार’.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"मॅडम, नावापुढची ओळ बदलून देतो. शंभर टक्के कायदेशीर," तो खुर्ची ओढून बसला. "वाईट ओळ पुसता येत नाही. पण तिच्यापेक्षा दुर्मिळ काहीतरी चांगलं करायचं, की मशीन तेच उचलतं. पूर्वी सोपं होतं. कळसूबाई अनवाणी चढायची, ‘स्वनोंद’मध्ये जाऊन आपल्या आवाजात सांगायचं, अंगठा द्यायचा, झालं. नावापुढं ‘कळसूबाई अनवाणी’. पण आता मार्केट खराब झालं. एका यादीत पंधरा-पंधरा जण चढलेत. पंधरा जण चढले की मशीन ते दाखवायचंच सोडतं. शंभरदा रक्तदानाचंही तेच झालं."

"मग हिनं काय करायचं म्हणता?"

"यकृताचा तुकडा," तो सहज म्हणाला, बाजारात मेथीची जुडी मागावी तसा. "जिवंतपणी अनोळखी माणसाला यकृतदान. अजून फार दुर्मिळ आहे. पुण्यात एक पार्टी आहे, गरजू. यकृत परत वाढतं, मॅडम. बाईंच्या नावापुढं ‘यकृतदान’ आलं की लोक पायावर डोकं ठेवतील."

"आणि तुम्हाला काय मिळणार?"

"माझं पार्टीकडनं असतं. बाईंकडनं एक पैसा नाही."

"ऊठ," मी म्हटलं.

"मॅडम, मी मदतच..."

"ऊठ मुडद्या! माझ्या खुर्चीवरनं ऊठ आधी! माणसाचं काळीज-कोथळा विकायला बसलास होय रे माझ्या केंद्रात?"

तो उठला, पण जाताना हसत म्हणाला, "सही झालीय त्यांची. सोमवारी गाडी पाठवतो."

मी पद्मिनीकडं वळले. ती फरशीकडं बघत होती.

"सही केलीस?"

"व्हय."

"पोट चिरून घेणार? या असल्या लोकांच्या चार अक्षरांसाठी? अगं, पैसे लागत असतील तर मी आहे ना!"

"पैशाचं न्हाई अक्का. भांडी घासली तरी पोट भरतंय." तिनं दोन्ही तळहात उघडून माझ्यापुढं धरले. "पर बाळ हाताला लागंना. तुम्हास्नी न्हाई कळायचं. विराज गेल्यावर ह्या हातांनी काय करावं ते कळंना झालं हुतं. मग पयलं बाळ न्हाऊ घातलं, तवा झोप लागली मला. आता ते बी न्हाई. असंच ऱ्हायलं तर मी येडी हुईन. त्यापरीस तुकडा गेलेला बरा."

तिचे डोळे कोरडे होते. मी तिला घरी पाठवलं आणि टेबलावर डोकं धरून बसले. ढाणेचा आवाज कानात किडा गेल्यासारखा वळवळत होता. पंधरा जण चढले की मशीन दाखवायचंच सोडतं.

आणि मग मी ताडकन उठले. अगं बाई! काखेत कळसा नि गावाला वळसा. चांगल्या गोष्टीला चालतं ते गणित वाईटालाही चालायला हवं. मशीनला दुःखाचं काही देणं-घेणं नाही, त्याला फक्त एकटेपणा कळतो. एकटीचं असेल तर दाखवणार. पंधरा जणींचं झालं तर गप्प बसणार. आणि स्वनोंदीत कुणी पुरावा मागत नाही, नुसता आपला आवाज आणि अंगठा.

म्हणजे खोटं बोलायचं. बोलायचं तर बोलायचं! ज्यांनी खऱ्याचा असा चिखल केला त्यांच्यापुढं खोटं बोलताना मला तिळमात्र लाज नव्हती.

शनिवारी दुपारी मी सगळ्या बायकांना केंद्रात बोलावलं. दाटीवाटीनं सतरंजीवर बसल्या, काही दारात उभ्या. पद्मिनीलाही बोलावलं होतं. ती मागं भिंतीला टेकून बसली. मी सगळं सांगितलं, ढाणे, यकृत, सोमवार, सगळं. मग म्हटलं, "मला पंधरा-वीस जणी पाहिजेत. स्वनोंदीत जायचं आणि सांगायचं की आपलं मूल दगावलं. मला माहितीये, असलं अभद्र तोंडातनं काढायला कुणी धजणार नाही. पोरंबाळं आहेत तुमची. पण खोट्याचं पाप माझ्या माथी. बघा, कुणाला जमतंय का."

काही जणी पिशव्या आवरायला लागल्या. मला वाटलं, झालं, चुकले. कुठली आई हे बोलेल?

मग शमशाद उठली. पदर डोक्यावर सारखा केला. "खोटं कशाला लिवायचं अक्का? माझा दोन दिसांचा हुता. घरीच झाला, घरीच गेला. कुणी इचारलंच न्हाई, म्हणून सांगितलं न्हाई."

अंघोळवाली मंगल, सध्या बर्ग्यांकडं जाणारी ती, म्हणाली, "माझी मुलगी. सासूनं दवाखान्यात नेऊ दिलं न्हाई. म्हणाली, पोरगीच हाय, ऱ्हाईल न्हाईतर जाईल."

"आमचं फडात झालं," दारातली एक म्हणाली. "मुकादम म्हणाला, कुठं लिवत बसायचं. बांधाला पुरलं."

"नाव ठेवलं नव्हतं."

"माझं नाव ठेवल्यालं. गोजिरी."

एकीमागनं एक. कुणी आवाज चढवला नाही, रडारड नाही. रेशनच्या रांगेत आपापली पाळी आल्यावर बोलावं तशा बोलत होत्या. मी या बायकांना किती वर्षं ओळखते! कुणाची सासू कशी, कुणाचा नवरा किती पितो, कुणाला साखर आहे, सगळं तोंडपाठ. आणि हे मला ठाऊक नव्हतं. एकमेकींनाही नव्हतं. शमशाद आणि मंगल इतकी वर्षं एका डब्यातलं खात होत्या, आणि आता एकमेकींच्या तोंडाकडं बघत होत्या.

तेव्हा मला कळलं की मशीनच्या दृष्टीनं दुर्मिळ काय होतं. मूल जाणं दुर्मिळ नव्हतं. मूल वाचवायला दवाखाना गाठणं दुर्मिळ होतं. बाकीच्यांची लेकरं बांधाला, ओट्यामागं, गुपचूप मातीत गेली, कागदावर आलीच नाहीत. जी आई ट्रॅक्टरवर बसून पळाली, तिचंच तेवढं लिहिलं गेलं, आणि तिच्याच नावापुढं ते उभं राहिलं. थुंकावंसं वाटलं मला त्या गणितावर. आणि बांधाला पुरायला लावणाऱ्या सगळ्यांवर.

एकेक जण कॉम्प्युटरच्या पडद्यापुढं आली. आपल्या आवाजात सांगितलं, अंगठा दिला. निम्म्याहून जास्त बायका उठल्या. पद्मिनी भिंतीशी बसून प्रत्येकीचं ऐकत होती, एकदाही मान फिरवली नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत मी यादी उघडली.

पद्मिनी शेवाळे — डावखुरी

आणि बाकीच्यांच्या पुढंही तेच जुनं, नवरा फरार, दहावी तीनदा. मूल दगावल्याचं कुणाच्याच पुढं नाही. ते आता इतकं सगळ्यांचं झालं होतं की त्यानं कुणाची ओळख पटत नव्हती.

रविवारी पद्मिनीनं ढाणेला दिलेली सही मागं घेतली. फोनवर तो अर्वाच्य बोलला. मी त्याला त्याहून अर्वाच्य बोलले, आणि माझा स्टॉक मोठा आहे.

सोमवारी सकाळी दीपालीच्या सासूबाईंचा फोन. आवाजात मध.

"जयमालाताई, त्या पद्मिनी मावशी रिकाम्या आहेत का हो? ती दहावी तीनदावाली पाणी फार कढत घेते, बाळ रडून रडून निळं होतं. मी आत्ता यादी बघितली. पद्मिनीचं ते गेलं वाटतं? बरं झालं बाई!"

ते गेलं वाटतं! नायटा गेल्यासारखं.

"गेलं नाही," मी म्हटलं. "नीट ऐका. माझ्या यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांचं मूल गेलेलं आहे. त्या दहावी तीनदावालीचंसुद्धा. गेले तीन आठवडे तुमचं बाळ तिच्याच पायांवर आहे. आता पाट धुवा, फिनेल आणा, मिरच्या जाळा. आणि दुसरीकडं कुठं बिनमेल्या लेकराची बाई मिळते का बघा."

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला आणि सासूबाई एकदम हळू आवाजात बोलल्या.

"माझी पहिली मुलगी अकराव्या दिवशी गेली. बारसं व्हायच्या आधी. यांना सोडून कुणाला माहीत नाही. दीपालीला तर नाहीच. तुम्ही कुठं बोलू नका."

मी म्हटलं, "आणि तुम्ही नातवाला हात लावता?"

त्या म्हणाल्या, "पाठवा हो तिला. लवकर पाठवा."

मी फोन ठेवला. कीव यायला हवी होती, कुणालाही आली असती. मला आली ती जास्तच किळस. स्वतःच्या पोटात तेच दुखणं घेऊन या बाईनं दुसरीला चपलांपाशी बसवलं होतं. आणि एवढ्या बायकांनी आपापली पुरलेली लेकरं उकरून वर काढली तेव्हा कुठं एकीला पाटावर बसायला मिळणार होतं. मला वाटलं, सांगावं, पद्मिनी येणार नाही. तुमच्या घराचा उंबरा तिच्या लायकीचा नाही.

पण पद्मिनी समोरच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"जाते मी," ती म्हणाली.

"त्यांच्याकडं? परत?"

"बाळानं काय केलंय?" तिनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि थांबली. "अक्का, मग आता विराजचं कुठंच दिसणार न्हाई?"

"आत आहे गं नोंद. पुसलेली नाही. वर दिसत नाही एवढंच."

"आत कुणी बघंल का?"

खोटं बोलावंसं वाटलं. दोन दिवसांपूर्वी साठ जणींना खोटं बोला म्हणून सांगणारी मी, तेवढं एक मला जमलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "कोण कशाला बघेल?"

"व्हय," ती म्हणाली. "फोटू हुता, तो मोबाइलसंगं गेला. त्या यादीत तेवढं लिवलेलं दिसायचं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बरग्यांस्नी पाणी तापवाय सांगा. मी निघालीया."